गाडी ओढून नेली आणि आपण सगळ्यांना सांगतोय "सर्व्हिसिंगला दिलीय"

गणपती उठले आणि पुढच्या आठवड्यात आमची गाडी फायनान्सवाल्यांनी उचलली. साल २०२१. सकाळी दुधाची पिशवी आणायला खाली उतरलो तर पार्किंगमध्ये आमच्या जागेवर नुसता ऑइलचा डाग, बशीएवढा, आणि तो डाग मी त्याआधी कधी पाहिलाच नव्हता कारण त्याच्यावर कायम गाडी उभी असायची. वॉचमन चाचरत म्हणाला, "पहाटे दोघं आले होते साहेब, कागद दाखवला, टोचन लावून नेली, म्हणाले मालकाला माहितीय." मालकाला माहिती होतंच की. तीन-चार महिने फोन येत होते, पत्रं येत होती, मी पाकिटं न फोडता मायक्रोवेव्हच्या वर रचून ठेवत होतो.

मी तिथंच उभा असताना तिसऱ्या मजल्यावरचे काका फिरून आले. "काय रे, गाडी दिसत नाही?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सर्व्हिसिंगला दिलीय."

ते सर्व्हिसिंग तीन आठवडे चाललं. मग बॉडीचं काम निघालं. मग गाडी मेव्हण्याने गावाला नेली. मग पार्ट मिळत नव्हता. कुणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवायचं म्हणजे वेगळंच एक खातं उघडल्यासारखं झालं होतं, आणि खरं सांगू का, गाडी गेल्याचं वाईट पंधरा-वीस दिवसांत ओसरलं, पण हे सर्व्हिसिंगचं ओझं सहा महिने छातीवर होतं. म्हणून हे लिहितोय. ज्यांची गाडी नुकतीच गेलीय आणि वरवर सगळं नॉर्मल चाललंय असं दाखवतायत त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, वकील नाही, लग्नाच्या हॉलला लाइटिंग करणारा माणूस आहे. कोविडमध्ये दोन सीझन हॉल बंद. मार्च ते ऑगस्ट २०२० रिझर्व्ह बँकेची हप्त्यांना सवलत होती तेव्हा वाटलं सुटलो, पण सवलत म्हणजे माफी नव्हती, व्याज चालूच होतं, आणि ती संपल्यावर साडेअकरा हजारांचा हप्ता पुन्हा दारात उभा. पुढचं तुम्हाला माहितीय.

आधी कळायला तर हवं की ताण आहे

गंमत अशी की मला कुणी विचारलं असतं "टेन्शनमध्ये आहेस का" तर मी शपथेवर नाही म्हणालो असतो. रडत नव्हतो, जेवत होतो, कामावर जात होतो. पण आता मागं वळून बघितलं की हे सगळं दिसतं: रोज पहाटे साडेतीनला जाग यायची आणि डोक्यात थेट हिशोबच चालू व्हायचा, तोच हिशोब, रोज तेच आकडे. फोन कायम सायलेंटवर, आणि तरी दर दहा मिनिटांनी बघायचा. सकाळी जबडा दुखायचा, झोपेत दात आवळत होतो हे बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं. मुलीनं खोडरबर हरवला म्हणून मी तिच्यावर असा ओरडलो की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. लिफ्ट थेट पार्किंगमध्ये उघडते म्हणून मी मागच्या जिन्यानं जायला लागलो. आणि सिंहगड रोडला आमच्याच रंगाची, आमच्याच मॉडेलची गाडी दिसली की नंबरप्लेट वाचल्याशिवाय पुढं जाताच यायचं नाही, एकदा तर त्या नादात रिक्षाला धडकलो असतो.

यातल्या दोन-तीन गोष्टी तुमच्यात असतील तर मान्य करा. शरीराला कळत नाही की धोका वाघाचा आहे का वसुलीच्या फोनचा, ते दोन्हीला सारखंच तयार होतं, ठोके वाढतात, स्नायू आवळतात, पोटात गोळा येतो. वाघ निघून जातो, फोन मात्र रोज येतो, म्हणून शरीर खाली उतरतच नाही. आधीच बीपी किंवा शुगर असेल तर एकदा तपासून घ्या, मी टाळलं होतं आणि नंतर डॉक्टरकडनं बोलणी खाल्ली.

पाकिटं फोडा, हे पहिलं

मला माहितीय तुम्हाला मनाच्या गोष्टी ऐकायच्यात आणि मी कागद काढून बसलोय. पण माझा अनुभव असा की पहाटे साडेतीनचा तो हिशोब चालू राहतो कारण त्यातला मुख्य आकडाच आपल्याला माहिती नसतो. एका रविवारी बायकोला बरोबर घेऊन बसा, चहा करा, आणि सगळी पाकिटं तारखेप्रमाणे लावा. मग फायनान्स कंपनीला मेल टाका (फोन नको, मेल) आणि लेखी हिशोब मागा: मुद्दल किती बाकी, थकलेले हप्ते किती, दंड किती, गाडी उचलण्याचा खर्च किती, यार्डाचं (उचललेल्या गाड्या ठेवतात ती जागा) भाडं रोज किती. मी मनात साडेचार लाख धरून चाललो होतो. कागदावर आले तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. कमी झाले म्हणून नाही, पण त्या रात्री साडेपाचपर्यंत झोपलो.

गाडी उचलली म्हणजे लगेच विकली असं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एनबीएफसीच्या (म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपनीच्या) कर्जाच्या करारात लिहिलेलं असावं लागतं की ताबा घ्यायच्या आधी किती दिवसांची नोटीस, ताबा कसा घेणार, आणि लिलावाच्या आधी कर्जदाराला पैसे भरायची शेवटची संधी कशी देणार. आपला करार काढून ते पान शोधा. माझं पान २३ होतं, बारीक अक्षर, चष्मा लावूनही वाचवेना, मुलीनं वाचून दाखवलं. आणि कुणी दांडगाई करून, रस्त्यात अडवून, धमकावून गाडी नेली असेल तर गप्प बसू नका, गुंड पाठवून गाड्या ओढण्यावर सुप्रीम कोर्टानं २००७ सालीच बँकांना झापलंय, वसुली कायद्यानंच करायची. आमच्याकडं तसं काही झालं नाही. गाडी दिसली नाही आणि कुणी काहीच सांगत नसेल तर आधी जवळच्या पोलीस चौकीत विचारा, गाडी उचलणारे सहसा तिथं कळवून जातात, तिथंही माहिती नसेल तर मग चोरीचीही केस असू शकते.

गाडीतलं सामान. हे लोक विसरतात, नाहीतर लाजेनं जात नाहीत. गाडी तारण होती, गाडीतली तुमची छत्री तारण नव्हती. यार्डात सामानाची यादी केलेली असते, ती मागून घ्या आणि स्वतः जा. मी शिरवळच्या बाजूला असलेल्या यार्डात एसटीनं गेलो, बायको म्हणाली मी येते, मी नको म्हणालो, चूक केली. पत्र्याचं कुंपण, आत ओळीनं गाड्या, काही ट्रॅक्टर, काचांवर धूळ, आणि आमच्या गाडीच्या बॉनेटवर कुत्रं झोपलेलं. ग्लोव्ह बॉक्समधून पीयूसी, चष्म्याचं घर, टोलच्या जुन्या पावत्या, डॅशबोर्डवरचा छोटा गणपती, मागच्या सीटखाली मुलीची पाण्याची बाटली, तिच्यात अजून अर्धं पाणी. ती बाटली हातात घेऊन मी जरा वेळ गाडीत बसून राहिलो. यार्डातला पोरगा समजूतदार होता, काही बोलला नाही, लांब जाऊन बिडी ओढत उभा राहिला. तिथं जाऊन यायचा तुम्हालाही त्रास होईल, पण नंतर बरं वाटतं, कारण तोपर्यंत गाडी डोक्यात कुठंतरी फिरत असते, एकदा ती कुठं उभी आहे ते बघितलं की फिरायची थांबते.

आणि फास्टॅग बंद करा बाबांनो, त्याच दिवशी. गाडी उचलली त्या सकाळी मी ऑइलच्या डागाकडं बघत उभा असतानाच मोबाइलवर मेसेज आलेला, खेड-शिवापूर टोलनाक्यावर पैसे कटल्याचा. माझी गाडी माझ्याच पैशानं यार्डात गेली. तेव्हा हे विनोदी वाटलं नव्हतं.

फोन

वसुलीचे फोन हा ताणाचा सगळ्यात मोठा नळ आहे, आणि तो पूर्ण बंद करता येत नाही पण बारीक करता येतो. नियम असा की थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना फोन करून बदनामी करायची नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं हे पुन्हा स्पष्ट केलंय.

मी काय केलं, एक शंभर पानी वही घेतली आणि फोन उचलायची वेळ ठरवली, सकाळी ११ ते साडेअकरा. त्या वेळात आलेला प्रत्येक फोन उचलायचा, वहीत तारीख, वेळ, माणसाचं नाव आणि तो काय म्हणाला ते लिहायचं. बाकीच्या वेळी आला तर एकच मेसेज: "उद्या ११ वाजता बोलतो." आणि बोलताना वाक्य ठरलेलं, "मला कर्ज मान्य आहे, आत्ता पैसे नाहीत, लेखी हिशोब आला की लेखी उत्तर देतो." बस. तारखेचं खोटं वचन द्यायचं नाही. मी आधी फोन कटवायला म्हणून "पाच तारखेला टाकतो" म्हणायचो आणि मग चार तारखेपासून पोटात गोळा.

समोरचा पोरगाही पगारी असतो, पंधरा-वीस हजारांवर, त्याला टार्गेट असतं. त्याच्याशी भांडून आपलीच रात्र खराब होते. पण कुणी खरंच घाण बोललं, वडिलांना फोन करायची धमकी दिली, तर कॉल रेकॉर्ड ठेवा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, फुकट आहे, १४४४८ वर फोन करून मराठीत विचारता येतं. मला एकदाच करावी लागली आणि नुसत्या मेलवरच भाषा बदलली.

आता सर्व्हिसिंगवाल्या खोट्याचं काय करायचं

हा भाग मी सगळ्यात शेवटी केला आणि तो आधी करायला हवा होता.

सगळ्या जगाला सांगायची गरज नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करायचं नाहीये. पण एक यादी करा की कुणाशी खोटं बोलल्यामुळे आपल्याला रोज त्रास होतोय. माझ्या यादीत चार जण निघाले: बायको (तिला गाडी गेल्याचं माहिती होतं, पण किती हप्ते थकले होते ते नव्हतं), मुलगी, वडील, आणि ते तिसऱ्या मजल्यावरचे काका.

नवरा-बायकोपैकी ज्याला माहिती नाही त्याला आधी, आणि पूर्ण आकडा, अर्धा नाही. अर्धा सांगितला की उरलेला अर्धा जास्त जड होतो. रात्री मुलं झोपल्यावर नका सांगू, दोघंही दमलेले असता, त्यातून भांडणच निघतं. आम्ही सुट्टीच्या सकाळी सांगणं-बोलणं केलं. बायको चिडली, दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाकिटं मायक्रोवेव्हवर ठेवत होतास ना, मला वाटलं लाइट बिलं आहेत." तिचं चिडणं गाडीवरून नव्हतंच, मी तिला बाजूला ठेवलं यावरून होतं.

मुलांना सोप्या शब्दांत. "आपण बँकेकडून पैसे घेऊन गाडी घेतली होती, ते वेळेवर देता आले नाहीत म्हणून त्यांनी गाडी परत नेली. यात तुझी काही चूक नाही, शाळा चालू राहणार, आपण इथंच राहणार." आमची तेव्हा नऊ वर्षांची. तिनं विचारलं, "मग आता फ्रिज पण नेणार का?" बघा, आपण सांगत नाही तोपर्यंत पोरं काय काय धरून बसतात. आणि एक चूक टाळा, "बाहेर कुणाला सांगू नको हं" असं पोराला म्हणू नका. म्हणजे आपलं ओझं तिच्या दप्तरात टाकल्यासारखं होतं.

वडिलांना सांगणं मला सगळ्यात अवघड गेलं. आमचं गाव माण तालुक्यात, वडील तिथंच असतात, ती गाडी घेतली तेव्हा त्यांनी स्वतः नारळ फोडला होता आणि चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. मी दोन महिने गावाला गेलोच नाही, सीझन चालू आहे म्हणून सांगितलं. शेवटी एसटीनं गेलो. ते ओट्यावर बसलेले, मला पिशवी घेऊन चालत येताना बघितलं आणि म्हणाले, "गाडी कुठं लावली?"

मी म्हणालो, "गाडी गेली दादा. हप्ते थकले होते, फायनान्सवाल्यांनी नेली."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तंबाखू मळली. मग म्हणाले, "बाहत्तरच्या दुष्काळात तुझ्या आज्यानं बैलं इकली. पुढच्या बेंदराला गावात नव्हता, पावन्याकडं जाऊन बसला दोन दिस. आईनं घरात मातीची बैलं पुजली. आम्हाला वाटायचं आबा कामाला गेलाय." आणि मग, "जेवून घे, आमटी गरम हाय."

मला आजोबांची ही गोष्ट चाळीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. मी त्या वर्षी दसऱ्याला नेमकं हेच केलं होतं. खंडेनवमीला खाली सगळे पाइप लावून गाड्या धुत होते, झेंडूचे हार, हळदीकुंकू, आणि मी सकाळी सहालाच "साइटवर काम आहे" म्हणून बाहेर पडलो आणि स्वारगेटच्या स्टँडवर चार तास बसून राहिलो. घरी बायकोनं टू-व्हीलरला हार घातला.

काकांचं सांगतो. त्यांना लिफ्टमध्ये म्हणालो, "काका, गाडी सर्व्हिसिंगला नव्हती, लोनवाल्यांनी नेली." एवढंच वाक्य. ते म्हणाले, "अरे हो का. माझ्या मोठ्या मुलाचा फ्लॅट असाच गेला, बँकेनं सील लावलं होतं, दोन वर्षं झाली." आणि त्यांचा मजला आला. शेजारीपाजारी, ऑफिसातले, लग्नात भेटणारे मामे-मावसे, या सगळ्यांसाठी असं एक छोटं वाक्य तयार ठेवा, त्याच्यापुढं स्पष्टीकरण नाही. "गाडी गेली, सध्या नाहीये" हेसुद्धा चालतं, ते खोटं नाही आणि त्यात पुढचं सांभाळायलाही काही नाही. खवचट विचारणारे असतातच, एक आत्याबाई म्हणाल्या, "झेपत नव्हती तर घेतली कशाला?" तिथं हसायचं आणि जिलबी घ्यायची.

रात्रीचे निर्णय घेऊ नका

पहाटे साडेतीनला माणसाला भारी भारी कल्पना सुचतात. मला एकदा मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवर दोन लाख काढून गाडी सोडवायची सुचली, सगळं भरून झालं होतं, फक्त कॉन्टॅक्टची परवानगी मागितली तिथं अंगठा थांबला. असल्या ॲपच्या नादी अजिबात लागू नका. बायकोचं सोनं, आईच्या पाटल्या, मुलीच्या नावची एफडी, यातलं काहीही गाडीसाठी मोडायचं असेल तर ते दिवसा, दोघांनी, कागदावर मांडून. आम्ही मांडलं: गाडी सोडवायला लागणारे पैसे, पुढचे सगळे हप्ते, इन्शुरन्स, पेट्रोल. आणि पलीकडं महिन्याला घरात येणारे पैसे. पाच मिनिटांत कळलं की सोडवली तरी चार महिन्यांनी परत हेच. सोडून दिली. त्या सोडून देण्यानं खरं तर फार हलकं वाटलं, मला वाटलं होतं रडू येईल.

पण ज्याची टॅक्सी किंवा टेम्पो गेलाय त्याचा हिशोब वेगळा, त्याची कमाईच त्या गाडीवर आहे. तिथं कंपनीशी बोलून थकलेले हप्ते भरून गाडी परत मिळते का ते आधी बघा, आणि तोपर्यंत दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून बसायची लाज धरू नका. आमच्या गल्लीतला एकजण तसा सात महिने बसला.

शरीराचं थोडंसं

मी काही योगाबिगा करणारा माणूस नाही. मला तीन गोष्टींचा फरक पडला. फोन रात्री दहानंतर स्वयंपाकघरात, चार्जरला, उशाशी नाही. पहाटे जाग आली की पडून हिशोब करायचा नाही, उठायचं, वही घ्यायची, जे डोक्यात आहे ते लिहायचं आणि खाली "उद्या ११ वाजता" असं लिहून वही मिटायची. आणि श्वास, चार मोजत आत, सहा किंवा आठ मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांबवला की ठोके खरंच उतरतात. पहिल्या दिवशी मला हसूच आलं होतं.

चालणं आपोआप झालं कारण गाडीच नव्हती. पीएमटीच्या स्टॉपपर्यंत पंधरा मिनिटं, परत पंधरा. पहिले दोन आठवडे बसमध्ये ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मागच्या सीटवर तोंड खिडकीकडं करून बसायचो, नंतर रोजचे चेहरे ओळखीचे झाले. दारूचं सांगायला नको, पण सांगतो. झोप लागते आणि तीनलाच उडते, आणि मग तो हिशोब डोकेदुखीसकट करावा लागतो.

आता जरा गंभीर. दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, कशातच मन लागत नाही, कामावर जाववत नाही, असं असेल तर डॉक्टरला दाखवा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं डॉक्टर भेटतो. आणि "मी नसलो तर इन्शुरन्सचे पैसे तरी येतील" असा विचार एकदा जरी आला असेल, तर तो घरातल्या एका माणसाला मोठ्यानं सांगा, आजच, एकटे बसू नका, आणि १४४१६ लावा, नाहीतर ११२. मला तो विचार एकदा आला होता, शिरवळहून परत येताना, एसटीत. बायकोला मी तो वर्षभरानं सांगितला आणि ती जी बघत राहिली ते मला अजून आठवतं.

लिलावानंतर

गाडी विकल्यावर बाकी राहिलेले पैसे आपल्याकडंच मागतात हे अनेकांना माहितीच नसतं आणि मग सहा-आठ महिन्यांनी पत्र आलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून आधीच मनाची तयारी ठेवा आणि विक्रीचा हिशोब लेखी मागा, किती तारखेला विकली, कितीला, बाकी किती. बाकीपेक्षा जास्त पैसे आले असतील तर वरचे आपले असतात. कमी आले तर तडजोड होते, पण तडजोड केली की सिबिलवर (आपल्या कर्जांच्या नोंदींचा रिपोर्ट) "सेटल्ड" असा शेरा लागतो आणि पुढचं कर्ज अवघड जातं, पूर्ण भरलं तर "क्लोज्ड". काय परवडतंय ते बघा. मी सेटलमेंट केली, पाच हप्त्यांत, आणि शेवटच्या दिवशी नो ड्यूज लेटर (आता काही बाकी नाही असं पत्र) हातात घेतल्याशिवाय हललो नाही. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही ठिकाणी वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, तो बघा, चूक असेल तर लेखी कळवा.

शेवटचं एक, आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद. लिलावात विकली तरी आरटीओत नाव बदलेपर्यंत गाडी कागदावर तुमचीच असते, आणि चलनंसुद्धा तुमच्याच मोबाइलवर येतात. आरटीओचं रजिस्टर्ड पत्र आलं तर मायक्रोवेव्हवर ठेवू नका, उत्तर द्या. विक्रीच्या पत्राची कॉपी जपून ठेवा, कंपनीला मेल करून ट्रान्सफर कधी होणार ते विचारत रहा. मी आळस केला आणि पुढच्या उन्हाळ्यात मला कोल्हापूर भागातलं ई-चलन आलं, सीटबेल्ट नव्हता म्हणून. सोबत फोटो. आमची गाडी, मागच्या काचेवर मुलीनं चिकटवलेलं फुलपाखरू तसंच. मी बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत होतो, मग बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाली, "धुतलेली तरी दिसतीय. तू कधी धुवायचास?"